इंदूरचे बेंद्रे, बडोद्याचे बेंद्रे

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत गाण्याच्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. हद्दूखाँ-हस्सूखाँ कोण होते, वासुदेवबुवा जोशींनी कोणाला घडवले, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी इथली गायकी महाराष्ट्रात कशी नेली आणि त्यांच्या शिष्यांतून विष्णु दिगंबर पलुसकर कसे उभे राहिले, हे आपल्यापैकी अनेकांनी आजी-आजोबांकडून ऐकलेले असते. चित्रकलेबद्दल मात्र असे काही कानावर पडत नाही. महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी घरांतून चित्रकारही निघाले आणि त्यांतल्या एकाने स्वतंत्र भारताच्या चित्रकलेला वळण लावले, ही गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक असायला हवी. म्हणून हा लेख.

त्या चित्रकाराचे नाव नारायण श्रीधर बेंद्रे. जन्म इंदूरचा, २१ ऑगस्ट १९१० चा. देहावसान मुंबईत, फेब्रुवारी १९९२ मध्ये. मधल्या ८१ वर्षांत ते इंदूर, काश्मीर, मद्रास, शांतिनिकेतन, न्यूयॉर्क, बडोदा आणि मुंबई इतक्या ठिकाणी राहिले, फिरले आणि रंगवत राहिले. त्यांची चित्रे आज देशातल्या मोठ्या संग्रहांत आहेत. पण त्यांचे सर्वांत मोठे काम कदाचित चित्रांत नाही, तर त्यांनी घडवलेल्या माणसांत आहे.

होळकरांच्या इंदुरात

शिंद्यांच्या फौजेबरोबर आपले पूर्वज इकडे आले आणि १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या छावणीचे शहर झाले. लष्कर हे नावच त्या तळावरून पडले. तशीच कथा थोड्याफार फरकाने इंदूर, देवास, धार आणि बडोद्याची. फौजेमागून कारकून आले, कारकुनांमागून शिक्षक, वैद्य, कीर्तनकार आणि गवई आले. घरात मराठी आणि बाजारात तिथली बोली, ही रीत आपल्याकडे दाल बाजाराच्या गल्ल्यांत आहे, तशी तिकडे राजवाड्याच्या आसपासही होती. बेंद्रे अशाच एका इंदुरी मराठी घरात वाढले.

चित्रकार होणे हा त्या काळी मध्यमवर्गीय घरात पोट भरण्याचा मार्ग समजला जात नसे. मुलाने पदवी घ्यावी, सरकारी किंवा दरबारी नोकरीत लागावे, ही साधी अपेक्षा. बेंद्र्यांनी पदवी घेतलीही. ते आग्रा विद्यापीठाचे बी. ए. होते. पण त्याच वर्षांत ते इंदूरच्या चित्रकला शाळेत जात होते आणि खरे शिक्षण तिथे चालले होते.

ही शाळा दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ मध्ये उभी केली. देवळालीकर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले. पण तिथून परत येताना त्यांनी मुंबईची सगळी शिस्त जशीच्या तशी उचलून आणली नाही. प्रत्यक्ष समोर ठेवलेल्या पुतळ्याची तासन्‌तास घोटीव छाया-प्रकाशात नक्कल करायची, हा त्या वेळच्या कलाशिक्षणाचा कणा होता. देवळालीकरांनी मुलांना वर्गाबाहेर काढले. माळव्याचे ऊन, नर्मदेचे घाट, ओंकारेश्वरच्या पायऱ्या, बाजारातली गर्दी, हे त्यांचे विषय झाले. जाड कुंचला, मोकळा हात, सावलीत काळा न घालता निळा-जांभळा पाहण्याची सवय, हे त्यांनी शिकवले. युरोपात इंप्रेशनिस्ट चित्रकारांनी जे केले होते, त्याची चव इंदूरच्या मुलांना अशी आपल्या गावच्या उन्हातच मिळाली.

पदविकेच्या परीक्षेसाठी ही मुले मुंबईला जात. तिथल्या प्रदर्शनांत त्यांची चित्रे लागली की रंगांवरून ओळखू येत. बेंद्रे, सोलेगावकर, देवकृष्ण जोशी, विष्णू चिंचाळकर अशी एकामागून एक नावे त्या छोट्या शाळेतून बाहेर पडली. पंढरपुरात जन्मलेले आणि इंदुरात वाढलेले मकबूल फिदा हुसेन हेही काही काळ या शाळेत शिकले. त्याच सुमारास धारला वसईचे शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके स्थायिक होऊन पुतळे घडवत होते. मध्य भारतातल्या संस्थानांत मराठी कलावंतांची अशी एक वस्तीच तयार झाली होती.

हुसेन यांनी पुढे सांगितलेली एक आठवण या संदर्भात मोलाची आहे. इंदुरात उघड्यावर बसून निसर्गचित्र रंगवणाऱ्या बेंद्र्यांशी त्यांची ओळख झाली. पाच वर्षांनी मोठा असलेला हा तरुण त्यांच्या घरी आला, चित्रे पाहिली आणि मुलाला रंगवू द्या, असे त्याने वडिलांना पटवले. गिरणीत नोकरी करणाऱ्या त्या वडिलांनी एका पाहुण्याच्या शब्दावर मुलाला त्या बेभरवशाच्या वाटेने जाऊ दिले. त्या वेळी बेंद्रे स्वतः नाव मिळवलेले चित्रकार नव्हते, कोणाचे गुरूही नव्हते. पण दुसऱ्यातले सामर्थ्य ओळखायचे आणि त्याच्यासाठी वाट मोकळी करून द्यायची, ही त्यांची वृत्ती तेव्हापासूनची.

काश्मीर, मद्रास, शांतिनिकेतन

मुंबईची पदविका हाती आल्यावर पोटाचा प्रश्न आला. १९३६ ते १९३९ या काळात बेंद्र्यांनी काश्मीरमध्ये व्हिजिटर्स ब्यूरोत नोकरी केली. काश्मीर पाहायला प्रवासी यावेत म्हणून तिथल्या जागांची चित्रे काढायची आणि त्यांविषयी लिहायचे, असे ते काम. नोकरीच चित्रकाराची, त्यात फिरायला आख्खे काश्मीर. माळव्याच्या करड्या-पिवळ्या उन्हात तयार झालेल्या डोळ्याला तिथे पाणी, धुके आणि बर्फावरचा उजेड भेटला. निसर्गचित्रकार म्हणून त्यांचा हात तिथे तयार झाला. नंतर काही काळ त्यांनी मद्रासला चित्रपटांसाठी कलादिग्दर्शनही केले.

१९४१ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले. त्या काळी एखाद्या चित्रकाराला यापेक्षा मोठी पावती देशात नव्हती. मुंबईत त्यांची प्रदर्शने होऊ लागली, चित्रे विकली जाऊ लागली. पावसात भिजलेले रस्ते, घाटावरची गर्दी, डोंगरउतारावरची गावे झपाट्याने आणि सफाईने रंगवणारा चित्रकार म्हणून त्यांचे नाव झाले. अशा वेळी बहुतेक कलावंत जे विकले जाते तेच पुन्हा पुन्हा करतात आणि त्यात चूक काही नाही, संसार त्यावर चालतो. बेंद्र्यांना मात्र स्वतःच्या सफाईची धास्ती वाटत असावी, असे त्यांचा पुढचा प्रवास पाहून वाटते. हात एका गोष्टीत सहज चालू लागला की ते जागा बदलत.

१९४५ मध्ये ते शांतिनिकेतनात जाऊन राहिले. मुंबईचे चित्रकार आणि बंगालचे चित्रकार यांच्यात तेव्हा बरीच तेढ होती. मुंबईवाल्यांना बंगालची धूसर जलरंगातली पौराणिक चित्रे अशक्त वाटत, बंगालवाल्यांना मुंबईची तैलचित्रे साहेबी वाटत. बेंद्रे तिथे विद्यार्थ्याच्या मनाने गेले. नंदलाल बोस, विनोदबिहारी मुखर्जी आणि रामकिंकर बैज हे तिघे तिथे काम करत होते. रेषेचा जोर, पूर्व आशियातल्या कुंचल्याची शिस्त, भिंतीवरचे चित्र, आजूबाजूच्या गावांतल्या माणसांकडे पाहण्याची दृष्टी, हे सगळे त्यांनी जवळून पाहिले. पाच वर्षांनी बडोद्याला गेल्यावर या मुक्कामाचा किती उपयोग होणार होता, हे तेव्हा त्यांनाही माहीत नसेल.

बाहेरच्यांनी घडवलेली मुंबई

इथे थोडे थांबून त्या वेळच्या मुंबईकडे पाहू. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, तिथे प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. भारतीय आधुनिक चित्रकलेचा इतिहास या गटाशिवाय लिहिता येत नाही. त्यातली माणसे पाहा. सूझा गोव्याचे. रझा मध्य प्रांतातले, नागपूरला शिकून आलेले. गाडे विदर्भातले. आरा हैदराबाद संस्थानातून आलेले. हुसेन पंढरपूर-इंदूरचे. आणि या तरुणांना रंग, पुस्तके, सल्ला आणि खरेदीदार मिळवून देणाऱ्यांमध्ये वॉल्टर लँगहॅमर, रूडी फॉन लेडन आणि इमॅन्युएल श्लेसिंजर हे तिघे होते. तिघेही हिटलरच्या काळात युरोप सोडून मुंबईत आलेले. लँगहॅमर ऑस्ट्रियाचे चित्रकार, टाइम्स ऑफ इंडियात कलादिग्दर्शक होते.

म्हणजे देशाची नवी चित्रकला ज्यांनी उभी केली, त्यांतले बहुतेक कुठून ना कुठून उठून आलेले होते. यात नवल नाही. आपले गाव सोडलेल्या माणसाला कोणतीच रीत देवाने दिलेली वाटत नाही. दोन घरे पाहिलेली असतात, त्यामुळे तिसरे कसे बांधावे याचा विचार तो करू शकतो. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

बेंद्रे या गटात नव्हते. वयाने ते थोडे मोठे होते, नाव आधीच झालेले होते. १९४७ मध्ये ते अमेरिकेला निघाले. न्यूयॉर्कला आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये त्यांनी मुद्राचित्रणाचे धडे घेतले आणि १९४८ मध्ये तिथल्या विंडरमिअर गॅलरीत प्रदर्शन केले. परतताना युरोपातली संग्रहालये पाहिली. ज्यांची चित्रे आजवर छापील पानांवर पाहिली होती, ती प्रत्यक्ष समोर उभी राहिली. सेझान, पिकासो, मातिस यांचे रंग आणि आकार त्यांनी डोळे भरून पाहिले आणि भारतात परतले.

आता पुढे काय, हा प्रश्न त्या पिढीतल्या प्रत्येकासमोर होता. सूझा १९४९ मध्ये लंडनला गेले. रझा १९५० मध्ये पॅरिसला गेले. त्याच १९५० साली बेंद्रे बडोद्याला गेले.

बडोद्याची हाक

बडोदा हे नाव कलेच्या नकाशावर अगदीच नवे नव्हते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावातून दत्तक येऊन गादीवर बसलेल्या सयाजीराव गायकवाडांनी राजा रविवर्म्याला त्रावणकोरहून बोलावून घेतले होते आणि त्याची पौराणिक चित्रे लक्ष्मीविलास राजवाड्यात लावली होती. १८९० मध्ये त्यांनी कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली. दादासाहेब फाळके तिथे शिकले. पुढे नंदलाल बोसांनी कीर्तिमंदिरातली भित्तिचित्रे रंगवली. सयाजीरावांच्या नावाचे विद्यापीठ १९४९ मध्ये सुरू झाले. कुलगुरू हंसाबेन मेहता होत्या आणि १९५० मध्ये तिथे ललितकला विद्याशाखा उघडली.

ही घटना आज साधी वाटेल, पण तेव्हा ती धाडसाची होती. तोवर चित्रकला शिकलेल्याला पदविका मिळे, पदवी नाही. चित्रकाराचे शिक्षण हे कारागिराचे शिक्षण मानले जाई. बडोद्याने चित्र-शिल्प शिकणाऱ्याला विद्यापीठाची पदवी देऊ केली आणि हाताच्या कामाबरोबर कलेचा इतिहास आणि सौंदर्यशास्त्रही अभ्यासाला लावले. चित्रकाराने विचारही करावा आणि तो मांडूनही दाखवावा, अशी त्यामागची अपेक्षा.

चित्रकला विभागाचे पहिले प्रमुख म्हणून बेंद्रे आले. शिल्पविभाग शंखो चौधुरी यांच्याकडे आला. ते रामकिंकर बैज यांचे विद्यार्थी. १९५१ मध्ये के. जी. सुब्रमण्यन आले, मूळचे केरळचे आणि शांतिनिकेतनात शिकलेले. इंदूरचा मराठी माणूस, बंगाली वळणाचा शिल्पकार आणि केरळचा चित्रकार यांनी मिळून गुजरातमध्ये शाळा उभी करायची, असा तो योग होता. मुंबई आणि बंगालच्या ज्या भांडणात त्या काळचे कलाजग अडकले होते, ते या शाळेत शिरलेच नाही, कारण शिकवणाऱ्यांपैकी कोणाला आपली बाजू जिंकायची नव्हती.

बडोद्यात मराठी समाज मोठा होता आणि बेंद्र्यांना तो परका नव्हता. पण त्यांचे बहुतेक विद्यार्थी मराठी नव्हते. ते सौराष्ट्रातून, उत्तर गुजरातेतून, काश्मीरमधून आले होते. बेंद्र्यांनी त्यांना आपल्या पंखाखाली घेतले, ते आपल्या भाषेचे किंवा आपल्या गावचे म्हणून नव्हे.

गुरूसारखे न होणारे शिष्य

बेंद्र्यांची शिकवण्याची पद्धत प्रात्यक्षिकाची होती. वर्गात किंवा बाहेर, मुलांच्या देखत, ते कोरा कॅनव्हास लावत आणि रंगवायला घेत. कोणता रंग आधी, कुठे कुंचला टेकवायचा आणि कुठे थांबायचे, हे मुले पाहत. त्यांचा हात विलक्षण चपळ होता. असा गुरू समोर असला की शिष्याला त्याच्यासारखेच करावेसे वाटते. धोका तिथेच होता आणि बेंद्रे तो जाणून होते.

त्यांनी केलेला उपाय असा, की ते स्वतःच एका जागी थांबले नाहीत. निसर्गचित्रांत हात बसला होता, तो सोडून त्यांनी पन्नाशीच्या दशकात क्युबिझमच्या वाटेने आकार तोडून पाहिले. १९५५ मध्ये ललित कला अकादमीच्या पहिल्या राष्ट्रीय प्रदर्शनात त्यांच्या ‘काटा’ या चित्राला पुरस्कार मिळाला, ते याच काळातले. सूर्यफुलांचे त्यांचे प्रसिद्ध चित्रही तेव्हाचेच. त्यानंतर काही वर्षे त्यांनी अमूर्त चित्रे केली, ज्यांत माणूस नाही, झाड नाही, नुसता रंग आणि पोत. मधल्या काळात १९५२ मध्ये सांस्कृतिक शिष्टमंडळाबरोबर ते चीनला जाऊन आले. चाळिशी ओलांडलेला, पदके मिळवलेला शिक्षक पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो आहे, हे मुले रोज डोळ्यांनी पाहत होती. नक्कल करायला गुरूने एक ठराविक शैली ठेवलीच नाही.

१९५६ मध्ये शिक्षक आणि विद्यार्थी मिळून ‘बडोदा ग्रुप’ उभा राहिला आणि मुंबईत त्यांची प्रदर्शने होऊ लागली. गुरूची चित्रे आणि शिष्यांची चित्रे एकाच भिंतीवर. संगीतात गुरू शिष्याला तंबोऱ्यावर मागे बसवतो आणि एक दिवस पुढे गायला सांगतो, तसेच हे. फरक एवढाच, की इथे शिष्यांनी गुरूचा राग गायचा नव्हता.

त्या वर्षांत तिथे शिकून गेलेल्यांची नावे आणि त्यांचे पुढचे काम एकत्र ठेवले, की बेंद्र्यांनी काय केले ते लक्षात येते.

भावनगरचे ज्योती भट्ट मुद्राचित्रणात देशातले अग्रगण्य झाले आणि पुढे कॅमेरा घेऊन खेडोपाडी फिरून त्यांनी अंगणातल्या रांगोळ्या आणि भिंतींवरच्या चित्रांची छायाचित्रे काढली. एरवी त्यांतली कितीतरी चित्रे पावसात पुसली गेली असती.

पाट्या रंगवून पोट भरणाऱ्या शांती दवे यांनी मोठी अमूर्त चित्रे आणि भित्तिचित्रे केली. एअर इंडियासाठी केलेले त्यांचे काम परदेशातल्या विमानतळापर्यंत पोहोचले.

श्रीनगरचे गुलाम रसूल संतोष शिष्यवृत्तीवर बेंद्र्यांकडे आले आणि पुढे काश्मीरच्या शैव-तांत्रिक परंपरेतून त्यांनी स्वतःची चित्रभाषा शोधली. श्रीनगरचेच रतन परिमू चित्रकार तर झालेच, पण कलेतिहासाचे नामवंत अभ्यासकही झाले.

सुरेंद्रनगरचे गुलाममोहम्मद शेख शहरे, आठवणी आणि जुन्या पोथ्यांतले प्रसंग एकत्र विणणारी चित्रे काढू लागले आणि स्वतःही बडोद्यात शिकवू लागले. हिंमत शाह यांनी मातीची मस्तके घडवली. हकू शाह यांनी आदिवासी आणि लोककलांसाठी आयुष्य घातले.

मुद्राचित्रण, भित्तिचित्र, तंत्र, इतिहास, कथन, माती, लोककला. यांतले एकही काम बेंद्र्यांसारखे दिसत नाही. कोणालाही बेंद्रे शैलीचा चित्रकार म्हणता येत नाही. ग्वाल्हेरकरांना हे पटकन उमगेल. ग्वाल्हेर घराण्याला घराण्यांची गंगोत्री म्हणतात, ते सगळे ग्वाल्हेरसारखे गातात म्हणून नव्हे, तर इथून निघालेल्या पाण्याने पुढे आपापले पात्र धरले म्हणून. बडोद्याचेही तसेच झाले.

१९५९ मध्ये बेंद्रे विद्याशाखेचे अधिष्ठाता झाले. याच सुमारास तिथे शिक्षक-विद्यार्थ्यांनी मिळून जत्रा भरवायला सुरुवात केली. खेळणी, मुखवटे, कापड, भांडी असे स्वतः केलेले सामान गावच्या लोकांना विकायचे. चित्रकाराने गॅलरीतच राहू नये, बाजारातही उतरावे, हा त्यातला विचार. देशातल्या नामवंत कलाशाळांची नावे घेताना आज जे. जे. आणि शांतिनिकेतनाबरोबर बडोदा हे तिसरे नाव आपसूक येते. त्या तिसऱ्या नावामागे या पहिल्या १६ वर्षांचे कष्ट आहेत.

मुंबईतली शेवटची २६ वर्षे

१९६६ मध्ये बेंद्र्यांनी बडोदे सोडले आणि ते मुंबईला आले. वय ५६. निवृत्तीच्या उंबरठ्यावर बहुतेक माणसे केलेल्या कामाचा हिशेब मांडतात. बेंद्र्यांनी पुन्हा नवीन काम हाती घेतले.

अमूर्त चित्रे बाजूला ठेवून ते माणसांकडे परत आले. पाणवठ्यावरच्या बाया, टोपल्या विकणाऱ्या, गप्पा मारणाऱ्या मैत्रिणी, गुरे, झाडे, पाऊस. पण आता ते हे सगळे ठिपक्यांनी रंगवू लागले. फ्रान्समध्ये सुराने ही पद्धत वापरली होती. रंग पाटीवर कालवायचे नाहीत. निळ्याचा ठिपका, शेजारी पिवळ्याचा, शेजारी लालाचा, असे शुद्ध रंग एकमेकांना चिकटून ठेवायचे आणि मिसळण्याचे काम पाहणाऱ्याच्या डोळ्यावर सोडायचे. जवळून पाहिले तर नुसता रंगांचा सडा दिसतो, चार पावले मागे गेले की लुगड्याचा काठ, कमरेवरची घागर, पाण्यावरचे ऊन उमटते. ज्या माणसाचा हात एका बैठकीत निसर्गचित्र पुरे करण्याइतका चपळ होता, त्याने म्हातारपणी एकेक ठिपका ठेवण्याचे संथ काम पत्करले. इंदूरच्या उन्हात सावलीतला निळा पाहायला शिकलेला डोळा तिथेच पोहोचला होता, फक्त फार लांबच्या वाटेने.

या चित्रांवर टीकाही झाली आणि ती सांगायला हवी. ही चित्रे फार गोड आहेत, त्यांतल्या खेड्यात दुष्काळ नाही, भूक नाही, भांडण नाही, असे काही समीक्षकांना वाटले. दुसरा आक्षेप असा, की बेंद्र्यांनी इतक्या शैली बदलल्या, त्यांतली त्यांची स्वतःची कोणती? हुसेनचा घोडा किंवा रझाचा बिंदू दुरून ओळखता येतो, तशी बेंद्र्यांची एक खूण सांगता येत नाही. लिलावांच्या जगात अशा खुणेला फार किंमत असते. तिची उणीव त्यांच्या नावाला बसली. नव्या पिढीतल्या अनेकांना रझा-हुसेन माहीत असतात, बेंद्रे नसतात, त्याचे एक कारण हे आहे.

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. दुसऱ्याबद्दल मात्र वेगळे म्हणता येईल. ज्या शिक्षकाची एकच ठसठशीत शैली असते, त्याची मुले तिच्यात अडकतात. बेंद्र्यांनी स्वतःची खूण पक्की करण्यात वर्षे घातली असती, तर त्यांचे नाव अधिक मोठे झाले असते आणि बडोदा कदाचित लहान राहिले असते. त्यांना हे नफा-तोट्याच्या भाषेत सुचले असेल असे नाही. पण किंमत त्यांनी मोजली, एवढे खरे.

मान मिळायचा तो मिळालाच. १९६९ मध्ये पद्मश्री, १९७४ मध्ये ललित कला अकादमीची फेलोशिप, पुढे मध्य प्रदेश शासनाचा कालिदास सन्मान. ज्या मातीत ते वाढले, त्या राज्याने दिलेला हा शेवटचा सन्मान आपल्याला विशेष जवळचा. १९९२ मध्ये पद्मभूषण जाहीर झाले आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांनी देह ठेवला.

मूळचे कुठले?

आपल्यापैकी प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी विचारला जातो. पुण्या-मुंबईला गेलो की आपल्या मराठीतला हिंदी वास पाहून विचारतात, इथे आडनाव ऐकून विचारतात. दोन्हीकडे थोडे पाहुणे, अशी आपली स्थिती. मंडळांचे काम बहुतेक वेळा आपले टिकवण्याचे असते: भाषा, गणपती, नाटक, हळदीकुंकू. ते हवेच, कारण ते गेले तर घरच गेले.

पण बेंद्र्यांच्या आयुष्यात दुसरी बाजू दिसते. त्यांनी इंदुरात जे घेतले, ते मराठी शिक्षकाकडून घेतले. काश्मीरकडून, बंगालकडून, परदेशाकडून पदर पसरून घेतले. आणि दिले ते गुजरातच्या, काश्मीरच्या मुलांना, कसलीही परतफेड न मागता. ज्या गावात आपण राहतो, त्या गावाच्या मुलांना काहीतरी शिकवून जाणे, ही स्थायिक झालेल्या माणसाची खरी मुळे. लष्करच्या शाळांत, गाण्याच्या वर्गांत, आखाड्यांत आणि दवाखान्यांत आपल्या आधीच्या पिढ्यांनी हे केले, म्हणून आज इथे आपल्याला कोणी परके म्हणत नाही.

बेंद्र्यांची चित्रे पाहायला फार लांब जावे लागत नाही. ग्वाल्हेरहून सकाळच्या गाडीने दिल्लीला गेलो, तर इंडिया गेटजवळच्या जयपूर हाउसमधल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात त्यांची चित्रे आहेत. जाण्याआधी कोणती चित्रे सध्या लावलेली आहेत, हे विचारून घ्यावे. मुलांना सोबत न्यावे. ठिपक्यांचे चित्र समोर आले, तर आधी त्यांना अगदी जवळ उभे करावे आणि मग हात धरून चार पावले मागे आणावे. पुढचे चित्र त्यांना आपोआप दिसेल.